व्याधी : संचारी की स्थायी?
मंदगती कर्करोगाचे कथन आणि मराठी साहित्यविचार

१

भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भावांची जी गणना आहे, तीत ‘व्याधी’चा समावेश आहे. व्याधीला तेथे स्थायी भावाचा दर्जा नाही. ती येते, मुख्य भावाला पुष्ट करते आणि विरते. दशरूपककारांनी संचारी भावांना समुद्रातील लाटांची उपमा दिली आहे. लाट उठते आणि समुद्रातच मिसळून जाते. कामदशांच्या परंपरागत यादीतही व्याधी शेवटच्या टप्प्यांवर, मरणाच्या जवळ उभी आहे. म्हणजे भारतीय काव्यशास्त्राने व्याधीला दोनच जागा दिल्या : एक तर ती दुसऱ्या कोणत्या तरी भावाची दासी आहे, नाही तर मृत्यूची दूती. भरताने तिचे वर्णन मुख्यतः ज्वराच्या आधारे केले आहे, हेही अर्थपूर्ण आहे. ज्वराला चढ असतो, कळस असतो, उतार असतो. नाट्याला जशी घटना हवी तशीच ती आहे.

परंतु ज्या व्याधीला कळस नाही, जी वर्षानुवर्षे राहते, जी बरी होत नाही आणि लवकर मारतही नाही, तिचे कथन कोणत्या रूपबंधात होणार? हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेचा नाही. मंद गतीने वाढणाऱ्या कर्करोगांचा एक मोठा गट वैद्यकाला ज्ञात आहे. आतड्यात, स्वादुपिंडात किंवा जठरात उद्भवणाऱ्या चेतासंप्रेरकी गाठी हे त्याचे ठळक उदाहरण होय. यांतील काही गाठी सेरोटोनिनसारखी द्रव्ये रक्तात सोडतात. विशेषतः रोग यकृतापर्यंत पसरल्यावर त्यामुळे चेहऱ्यावर अकस्मात लाली चढते, पोटात मुरडा येतो आणि दिवसातून अनेकदा ढाळ होतात. असा रुग्ण दहा दहा वर्षेही जगू शकतो. मात्र तो निरोगी माणसाप्रमाणे जगत नाही आणि मरणोन्मुख माणसाप्रमाणेही जगत नाही. त्याचे जगणे ताट आणि शौचकूप यांच्यामधील अंतरात मोजले जाते. मराठी साहित्यात या अनुभवाला जवळजवळ जागा नाही. ती का नाही आणि या अभावाची किंमत कोण मोजते, याचा विचार साहित्यमीमांसेनेच करावयास हवा.

२

या रोगाच्या नावाचा इतिहासच एका अलंकाराचा इतिहास आहे. १९०७ साली झिगफ्रीड ओबर्नडोर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने लहान आतड्यातील अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘कर्करोगासारखा’ असा होतो. त्या गाठी संथ होत्या आणि निरुपद्रवी वाटत होत्या, म्हणून त्यांना कर्करोग न म्हणता कर्करोगाशी केवळ साम्य असलेली वस्तू म्हटले गेले. रोगाचे नाव म्हणजे एक उपमा होती. पुढे १९२९ मध्ये खुद्द ओबर्नडोर्फरनेच मान्य केले की यांतील काही गाठी घातक असतात आणि पसरतात. उपमेय आणि उपमान यांच्यातील अंतर असे नाहीसे झाले. ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द गळून पडला आणि उरला तो रोग. रुग्णाच्या आयुष्यात हाच प्रवास पुन्हा घडतो. आधी त्याला काही तरी ‘आम्लपित्तासारखे’, ‘आतड्याच्या अस्वस्थतेसारखे’ झालेले असते. निदान होईपर्यंत कित्येक वर्षे तो उपमेतच जगतो.

भारतीय वैद्यकात मात्र मंदपणा ही अर्बुदाची व्याख्याच होती. सुश्रुताने निदानस्थानात अर्बुदाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत गाठ वाटोळी, स्थिर, अल्प वेदनेची, खोल मुळाची, दीर्घकाळ वाढत राहणारी आणि न पिकणारी असते असे सांगितले आहे. न पिकणे हे येथे महत्त्वाचे लक्षण आहे. गळू पिकते, फुटते आणि तिची कथा संपते. अर्बुद पिकत नाही, म्हणून त्याची कथाही संपत नाही. कथनमीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर सुश्रुताने उत्कर्षबिंदू नसलेल्या कथानकाचे वर्णन केले आहे. काव्यशास्त्राने ज्वराला आदर्श मानले तेव्हा वैद्यकशास्त्राने अर्बुदाची नोंद करून ठेवली होती. या दोन शास्त्रांचा संवाद झाला असता तर व्याधी संचारीच का, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला असता.

३

मराठीत शरीराच्या दुखण्याची सर्वांत विस्तृत यादी जालना जिल्ह्यातील एका कवीने केली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहावा समास आध्यात्मिक तापाचे निरूपण करतो. येथे ‘आध्यात्मिक’ हा शब्द आजच्या अर्थाने घेऊन चालत नाही. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या ठायी उद्भवणारे दुःख असा त्याचा अर्थ आहे. खरूज, खवडे, नारू, देवी, गोवर अशी रोगांची नावे तेथे ओळीने येतात आणि ओवीमागून ओवी त्याच एका नामनिर्देशावर येऊन थांबते. ही यादी संस्कृत वैद्यकाच्या परिभाषेत नाही. गावात, ओसरीवर, वैदूपुढे जे शब्द उच्चारले जात असतील तेच शब्द ओवीत आले आहेत. सतराव्या शतकातील मराठी शरीराचा असा शब्दसंग्रह अन्यत्र क्वचितच सापडेल.

त्याहून महत्त्वाचे आहे ते या समासाचे स्थान. तिसऱ्या दशकाचा आरंभ जन्मदुःखाच्या निरूपणाने होतो. त्यानंतरचे चार समास ‘स्वगुणपरीक्षे’चे आहेत, त्यांत एका सामान्य संसारी माणसाचा जीवनक्रम, त्याचे लग्न, दारिद्र्य, देशांतर आणि वार्धक्य कथन केले आहे. मग त्रिविध तापांचे तीन समास येतात आणि त्यांच्यापुढे लगेच मृत्युनिरूपण उभे राहते. म्हणजे रोगांची यादी आत्मचरित्र आणि मृत्यू यांच्या मध्यभागी बसविलेली आहे. जीवनकथा थांबते, यादी सुरू होते आणि यादी संपताच मृत्यू येतो. दीर्घ व्याधीचा अनुभव रचनेतून इतका अचूक क्वचितच व्यक्त झाला असेल : कथानक थांबून केवळ लक्षणांची मोजणी उरणे हेच त्या अनुभवाचे रूप आहे.

तथापि ही यादी स्वतःसाठी नाही. दशकाचा शेवट वैराग्यनिरूपणाने होतो आणि देहाविषयी विरक्ती उत्पन्न करणे हे संपूर्ण दशकाचे प्रयोजन आहे. व्याधीला शब्द मिळाले, पण ते साधन म्हणून मिळाले. भरताकडे व्याधी स्थायी भावाची दासी होती. रामदासांकडे ती वैराग्याची दासी झाली. रुग्ण मात्र विरक्त होण्यासाठी आजारी पडत नाही. उद्या पुन्हा जेवावयाचे आहे, हा त्याचा प्रश्न असतो.

४

‘आजारी असण्याविषयी’ या १९२६ सालच्या निबंधात व्हर्जिनिया वुल्फ यांनी इंग्रजी भाषेच्या दारिद्र्याची तक्रार केली होती. प्रेमासाठी त्या भाषेजवळ महाकवींचे शब्द आहेत. साध्या डोकेदुखीसाठी मात्र काहीच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मराठीची अडचण नेमकी उलटी आहे. पोटासाठी मराठीजवळ शब्द अपार आहेत. मुरडा, कळ, आव, गुबारा, मळमळ, करपट ढेकर, वायगोळा, संग्रहणी, ढाळ, हगवण, जुलाब, अतिसार असे कितीतरी शब्द पदरी आहेत. अडचण आहे ती या शब्दांच्या वाटणीची. ‘अतिसार’ वैद्याच्या पोथीत राहतो, ‘जुलाब’ दवाखान्यात, ‘ढाळ’ घरात आणि ‘हगवण’ शिवीच्या शेजारी. शौचाला जाण्याच्या क्रियेसाठी ‘परसाकडे’, ‘झाड्याला’, ‘बहिर्दिशेला’, ‘बाहेर’ असे जे शब्द वापरले जातात, ते सर्व दिशा सांगतात, क्रिया सांगत नाहीत. भाषा शरीराला घराबाहेर पाठविते. दिवसातून एकदा जाणाऱ्यासाठी हे सौजन्य पुरेसे आहे. दिवसातून बारा वेळा जाणाऱ्याला मात्र भाषेत घरच उरत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत पोट हा अवयव फार पूर्वीच रूपक होऊन बसला आहे. अपराध पोटात घालतात, गुपित पोटात ठेवतात, मुले पोटी येतात, माणूस पोटासाठी वणवण करतो, तळमळीने बोलणे ‘पोटतिडकीचे’ असते. दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून ‘पोटात दुखते’ आणि ‘पोटशूळ उठतो’. भीतीने ‘पोटात गोळा येतो’. सुझन सोंटॅग यांनी ‘आजार : एक रूपक’ या १९७८ च्या पुस्तकात रोगांवर लादलेल्या रूपकांचा निषेध केला होता. क्षय हा फुप्फुसाचा, म्हणजे देहाच्या वरच्या व जणू आत्मिक भागाचा रोग ठरला. कर्करोग मात्र आतडे, मूत्राशय, गुदद्वार अशा उच्चारण्यास संकोच वाटणाऱ्या अवयवांशी जोडला गेला, असे त्यांनी दाखविले. मराठीत तर रोगावर रूपक लादण्याचीही गरज पडत नाही. अवयव आधीच रूपकाने व्यापलेला आहे. म्हणून ‘पोटात दुखते’ असे कोणी म्हटले की ऐकणारा क्षणभर हसतो. डॉक्टरने ‘पोटात गोळा आहे’ असे सांगितले की भय आणि गाठ या दोहोंसाठी एकच वाक्य उरते. पोटाचे वाच्यार्थाने दुखणे ऐकू येण्यासाठी प्रथम लक्षणेचा थर खरवडावा लागतो.

वाच्यार्थ पोटाला परत मिळवून देण्याचे श्रेय दलित आत्मकथनांकडे जाते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या ग्रंथांत पोट ही उपमा नाही. ती रिकामी पिशवी आहे आणि भाकरी ही तिची एकमेव भाषा आहे. त्याआधी १९७२ मध्ये नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने विष्ठा, पू आणि घाण यांचे शब्द मराठी कवितेच्या मध्यभागी आणले. सौंदर्यवादी समीक्षेला त्याने बसलेला धक्का सर्वज्ञात आहे. मात्र या क्रांतीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिने भुकेचे पोट आणि समाजाने लादलेली घाण यांना शब्द दिला; आजारी पोट त्या कक्षेत आले नाही. भूक हा अन्याय आहे, म्हणून तिला प्रतिपक्ष आहे आणि कथनाला संघर्ष मिळतो. गाठीला प्रतिपक्ष नाही. ढसाळांनी स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार तीन दशकांहून अधिक काळ सोसला आणि १५ जानेवारी २०१४ रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. अरुण कोलटकरांचे निधन २५ सप्टेंबर २००४ रोजी जठराच्या कर्करोगाने झाले. त्याआधीच्या वर्षी प्रसिद्ध झालेली ‘भिजकी वही’ ही दुसऱ्यांच्या, जगभरच्या स्त्रियांच्या अश्रूंची वही आहे. मराठी कवितेतील सर्वांत निर्भय अशा दोन कवींचा शेवट पचनसंस्थेच्या कर्करोगाने व्हावा आणि तरीही त्या रोगाचे कथन मराठी कवितेची परंपरा होऊ नये, हा केवळ व्यक्तिगत निवडीचा भाग म्हणून सोडून देता येत नाही.

५

आजाराच्या कथनांचे जे वर्गीकरण आर्थर फ्रँक यांनी ‘जखमी कथनकार’ या १९९५ च्या ग्रंथात केले, ते आता अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. पुनःप्राप्तीचे कथन, विस्कळिताचे कथन आणि शोधाचे कथन असे तीन प्रकार ते मानतात. पहिल्यात रुग्ण बरा होतो. दुसऱ्यात कथा सांगण्याइतकीही सुसंगती उरत नाही. तिसऱ्यात आजार हा प्रवास ठरतो आणि रुग्ण काही तरी ज्ञान घेऊन परततो. मराठीत तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत प्रभावी उदाहरण म्हणजे डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००). शीर्षकातील विशेषणच शोधकथनाची ग्वाही देते. परंतु हा साक्षात्कार हृदयाच्या रोगाला लाभावा, हे आकस्मिक मानता येणार नाही. ‘हृदय’ हा शब्द उपनिषदांपासून आत्म्याचे निवासस्थान म्हणून प्रतिष्ठित आहे. हृदयरोगातून आत्मशोधाकडे जाणारी वाट भाषेनेच आखून ठेवलेली आहे. ‘साक्षात्कारी अतिसार’ अशा शीर्षकाची कल्पना करून पाहिली तर अवयवांची उतरंड ध्यानात येईल. पद्मजा फाटक यांनी मूत्रपिंडाच्या आजारावर लिहिताना ‘हसरी किडनी’ असे नाव योजले. तेथे विनोदाने ही उतरंड थोडी ढिली केली, एवढे खरे.

लोकप्रिय कलेने तर पोटाचा रोग पोटाविनाच रंगविला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) या चित्रपटातील नायकाला आतड्याचा कर्करोग आहे, हे त्यात स्पष्टपणे सांगितले जाते. परंतु तो खातो, हसतो, गातो. आतड्याचे एकही लक्षण पडद्यावर येत नाही. रोग आतड्यात असला तरी मरण मात्र क्षयाच्या नायकासारखे स्वच्छ आहे. शिवाय त्याची कथा लिहितो तो डॉक्टर. रुग्ण हसतो आणि डॉक्टर लेखक होतो, ही श्रमविभागणी दीर्घकाळ प्रमाण ठरली.

इरफान खान यांनी २०१८ मध्ये आपल्याला चेतासंप्रेरकी गाठ झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी त्यांच्या पत्रात आगगाडीच्या प्रवासाची प्रतिमा आली : प्रवासी आपल्या बेतांत रमलेला असतो आणि उतरण्याचे ठिकाण आले असे कोणी तरी त्याला सांगते. प्रतिमा प्रामाणिक आणि समर्पक आहे. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तरीही या प्रतिमेत शरीर बाकावर निश्चल बसलेले आहे. या रोगाचे जे दैनंदिन रूप आहे, त्याला आगगाडीची नव्हे तर एसटीची प्रतिमा लागेल, आणि तेथे कल्पनेची गरजच उरत नाही.

६

भोकरदन हे केळना नदीकाठचे तालुक्याचे गाव. तेथील रुग्णाला कर्करोगाच्या उपचारांसाठी पूर्वीच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, अथवा १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जावे लागते. रेल्वेसाठीही आधी जालना गाठावे लागते. या रोगावर जी संप्रेरकरोधक इंजेक्शने देतात, ती साधारणतः दर चार आठवड्यांनी घ्यावयाची असतात. त्याशिवाय ठरावीक काळाने तपासण्या असतात. ज्याला ढाळ केव्हा लागतील याचा नेम नाही, त्याने न थांबणाऱ्या बसमध्ये काही तास बसणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. असा माणूस आदल्या दिवसापासून जेवणे सोडतो. प्रवासाच्या आधी उपाशी राहणे हा त्याचा उपचार नसतो, ती त्याची लाज असते. स्त्रीच्या बाबतीत ही लाज दुप्पट होते. जिथे उघड्यावर जाण्याची वेळ पहाटेच्या अंधारापुरती मर्यादित होती, तिथे दिवसाउजेडी वारंवार उठणाऱ्या शरीराला वेळच नव्हती. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द शासकीय कागदावर आला. साहित्याने जो शब्द दाराबाहेर ठेवला तो शासनाने फलकावर लिहिला, ही वाङ्मयीन अभिरुचीवर केलेली नकळत टीकाच होय.

मराठीत अशा जाण्यायेण्याला ‘दवाखान्याच्या वाऱ्या’ म्हणतात. हा शब्द सैद्धांतिक दृष्ट्या मोलाचा आहे. फ्रँक यांच्या शोधकथनात वीर एकदाच जातो आणि वरदान घेऊन परततो. वारकरी दरवर्षी जातो, दरवर्षी परततो, आणि परतताना पुढच्या वर्षीचे जाणे गृहीत धरतो. वारीला समाप्ती नाही, आवृत्ती आहे. दीर्घ व्याधीचा काळ असाच आवृत्तीचा आहे. ‘कर्करोगाशी झुंज’, ‘कर्करोगावर मात’ ही युद्धाची भाषा येथे निकामी ठरते, कारण युद्धाला तह किंवा पराभव लागतो. मात्र ‘वारी’ या शब्दाने लगेच भारावून जाण्याचेही कारण नाही. वारीला विठ्ठल आहे, दिंडी आहे, टाळ आहे. दवाखान्याच्या वारीला केसपेपर आहे आणि सोबत असलीच तर एक थकलेला नातेवाईक. म्हणूनच भाषेने दुसराही शब्द जवळ ठेवला आहे : ‘येरझारा’. वारी आणि येरझार यांच्यामधील ताण जे कथन धरून ठेवील, ते या अनुभवाशी प्रामाणिक राहील.

आणखी एक शब्द या गावाच्या नावातच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननाने त्या नगरीची सातवाहनकालीन समृद्धी उघड केली. ज्या काळी हे नाव पडले त्या काळी ‘भोग’ म्हणजे उपभोग, वैभव. मराठीने या शब्दाचा पट उलटा केला. आज कोणी ‘भोग आहेत माझे’ असे म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ सोसणे असा असतो. एकाच धातूत खाणे आणि सोसणे सामावलेले आहे. भोजन आणि भोग हे सगोत्र शब्द आहेत. ज्याला खाल्लेला प्रत्येक घास नंतर सोसावा लागतो, त्याच्या बाबतीत हे व्युत्पत्तीचे कोडे राहत नाही. ते त्याचे दुपारचे जेवण असते. परंतु ‘भोग’ या शब्दात कर्मविपाकाची छाया आहे आणि ती छाया निदानाच्या आड येते. भोग म्हटले की कारण मागील जन्मात जाते आणि पुढील तपासणी टळते. म्हणून हा शब्द समीक्षेने जपावा तसा तपासावाही.

७

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागेल. प्रत्येक अनुभव साहित्यात आलाच पाहिजे असे नाही. लाज ही नेहमीच दडपणूक नसते. ती माणसाने स्वतःभोवती राखलेले अंगणही असू शकते. भरताच्याच यादीत ‘अवहित्थ’ नावाचा संचारी भाव आहे : आपला भाव लपविणे. पंक्तीत बसलेला रुग्ण पोटात कळ येताना हसत राहतो, तेव्हा तो अवहित्थाचा अभिनय करीत असतो, आणि त्या अभिनयात एक प्रतिष्ठा आहे. ती हिरावून घेण्याचा अधिकार लेखकालाही नाही.

आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अपुरा आहे. स्वेच्छेचे मौन आणि शब्दाअभावीचे मौन यांत भेद करावा लागतो. आपल्याकडे लक्षणाला ‘तक्रार’ म्हणतात. रुग्ण तक्रार घेऊन जातो आणि डॉक्टर हा त्या संहितेचा पहिला वाचक असतो. वाचक वाङ्मयप्रकार ओळखून वाचतो. ‘पोटाची तक्रार’ हा प्रकार क्षुद्र आहे, असे ज्या संस्कृतीने शिकविले आहे, तिचा वाचक ती तक्रार क्षुद्र म्हणूनच वाचील. आम्लपित्ताची गोळी देईल आणि पुढील पानाकडे वळेल. चेतासंप्रेरकी गाठींचे निदान वर्षानुवर्षे लांबते आणि पुष्कळदा आधी साध्या पोटाच्या विकाराचा शिक्का बसतो. त्याला वैद्यकीय कारणे आहेतच : रोग विरळ आहे, लक्षणे संदिग्ध आहेत. परंतु रुग्णाने अर्धे सांगणे आणि ऐकणाऱ्याने अर्धे ऐकणे हेही त्यात मिसळलेले असते. चेहऱ्यावर येणारी लाली आणि लागणारे ढाळ ही एकाच वाक्याची दोन पदे आहेत, हे कळण्यासाठी दोन्ही पदे उच्चारली जावी लागतात. दुसरे पद लाजेने गिळले गेले की पहिले निरर्थक होते. रूपबंधाचा प्रश्न असा प्रत्यक्ष आयुर्मर्यादेचा प्रश्न होतो.

मग रसव्यवस्थेत या अनुभवाची जागा कोणती? सहज सुचणारे उत्तर बीभत्स हे आहे. भरताने विष्ठा व कृमी यांच्यापासून होणाऱ्या बीभत्साला ‘उद्वेगी’ म्हटले आहे. परंतु जुगुप्सा ही पाहणाऱ्याची असते. रुग्ण आपल्या शरीराकडे पाहत नाही, तो त्यात राहतो. दुसरे उत्तर करुण. तेही पुरेसे नाही. करुण हा निरपेक्ष, म्हणजे आशा संपलेला असतो, तर विप्रलंभ हा सापेक्ष, म्हणजे आशा शिल्लक असलेला असतो, असा मार्मिक भेद भरताने केला आहे. मंद कर्करोगाचा रुग्ण पुढील तपासणीची वाट पाहतो, एखाद्या निर्धास्त जेवणाची वाट पाहतो, पूर्वीच्या आपल्या शरीराची वाट पाहतो. त्याची अवस्था सापेक्ष आहे. स्वतःच्याच देहाशी झालेल्या विरहाची ती अवस्था आहे. शोकापेक्षा विरहाच्या व्याकरणात तिचे वर्णन अधिक नीट होऊ शकते आणि विरहाचे व्याकरण तर गवळणीपासून ओवीपर्यंत मराठीच्या रक्तात आहे.

असे पाहिले म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. येथे लक्षणे संचारी आहेत : मळमळ येते आणि जाते, ढाळ लागतात आणि थांबतात, शंका, चिंता, ग्लानी, व्रीडा आणि मधूनच धृती या लाटा उठतात आणि विरतात. ज्यातून त्या उठतात तो समुद्र म्हणजे व्याधी होय. भरताची यादी चुकीची ठरत नाही. तिच्यातील एक नाव मात्र जागा बदलते. हा बदल मान्य करणारी कथा अद्याप मराठीत लिहिली जावयाची आहे. तिच्यात विजय नसेल आणि सुंदर मरणही नसेल. भोकरदनच्या स्थानकावर बसची वाट पाहणारे, कालपासून न जेवलेले एक माणूस तिच्यात असेल, आणि बस निघण्यापूर्वी त्याला जेथे जावयाचे आहे त्या जागेचे नाव ती कथा न अडखळता घेईल.